अनारकानची मांड

आत-बाशीच्या खोऱ्यात अनारकानसारखी मांड ठोकून घोड्यावर बसणारी पोरगी दुसरी नव्हती. जत्रेत पोरानं घोडा पिटाळून पोरीला गाठायचं, नाही गाठलं तर परतीच्या वाटेवर तिचा चाबूक खायचा, असा खेळ असे. जुमादिलनं तो चाबूक पाठीवर घेतला आणि बर्फ पडायच्या आत तिला मागणी घातली. "मार खाऊन बायको आणली रे यानं," म्हणून गाव हसलं. त्यालाही त्याची ऐट वाटायची.

लग्नानंतर उन्हाळी कुरणाकडं कळप निघाला की सगळ्यांच्या पुढं अनारकान असे, माहेरून आलेल्या तांबड्या घोडीवर.

धाकटी लेक नुरिला अंगावरची सुटली त्या वर्षी, कुरणावरून खाली येताना खिंडीत अवेळी बर्फ पडलं. उतारावर घोडीचा पाय घसरला आणि अनारकानचं बूड खडकावर आदळलं. तिच्या तोंडून शब्द फुटेना. मागून जुमादिल ओरडला, "अगं, बसलीस काय! ऊठ, मेंढ्या दरीत चालल्या!"

ती उठली. उरलेला उतार घोडीची आयाळ धरून पायी आली. मेंढी एकही दगावली नाही, हे तो पुढं कित्येक वर्षं लोकांना कौतुकानं सांगे.

सासूनं तिच्या ढुंगणाच्या वरच्या हाडावर मेंढीची चरबी चोळली, लोकरीचा पट्टा आवळला. डॉक्टर पार नारीन शहरात, आणि हिवाळ्याचा चारा रचायचा पडलेला. "हाड मोडलेलं माणूस चालतं होय? ही चालते आहे ना?" जुमादिल म्हणाला, आणि विषय संपला.

ती चालत होती, पण तिला बसता येत नव्हतं. जेवायला सगळे मांडी घालून बसले की ती एका अंगावर कलायची, चहा ओतून झाला की उठायची. उजव्या पायात पोटरीपर्यंत कळ उतरायची. "आमच्या हिच्या बुडाला काटे आहेत," असं जुमादिल पाहुण्यांत म्हणे. पाहुणे हसत. तीही हसे.

घोडीवर ती एकदाच पुन्हा चढली. उतरली तेव्हा ओठ पांढरेफटक पडले होते. मग जुमादिलनं घोडी विकून टाकली. "आयतं खाणारं जनावर काय कामाचं?" तिला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

वय झालं तशी ती गावातल्या मानाच्या बायकांत गणली जाऊ लागली. मेजवानीत मेंढ्याच्या मटणाचे वाटे मानाप्रमाणं पडतात; शेपटीलगतचं, चरबीनं मढलेलं हाड थोरल्या बाईचं. व्याह्यांच्या घरी तो मान अनारकानपुढं आला, आणि त्याच क्षणी ती उठून दाराबाहेर गेली. जुमादिल तिच्यामागं बाहेर येऊन खेकसला, "चारचौघांत नाक कापलंस माझं! दोन घटका बसवत नाही तुला?"

ती भिंतीला टेकून उभी होती. "नाही बसवत," ती म्हणाली. "खरंच नाही हो बसवत."

तो पाठ फिरवून आत गेला आणि तिचा वाटा फडक्यात बांधून घेऊन आला.

मागच्या हिवाळ्यात गोठ्याकडं जाताना अंगणातल्या बर्फावर जुमादिलचाच पाय सटकला. बूड आपटलं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. नुरिलानं त्याला गाडीत घालून नारीनला नेलं. सारी वाट तो मागच्या सीटवर गुडघ्यांवर होता.

डॉक्टरीणबाईनं एक्स-रे उजेडात धरला. "हे बघा आजोबा. कण्याच्या तळाचं तिकोनी हाड. पाच मणके जुळून एक झालंय, दोन्ही खुब्यांच्या मध्ये पाचरीसारखं बसलंय. धडाचा सगळा भार हे झेलतं आणि पायांकडं सोपवतं. पायाच्या नसाही यातूनच उतरतात. तुमच्याला तडा गेलाय. प्लास्टर घालता येत नाही. पडून राहायचं, घोड्याचं नाव काढायचं नाही. जुळेल."

"आणि पडून राहिलं नाही तर?"

"वाकडं जुळायचं. मग जन्माचं दुखणं. बसणं नको होतं माणसाला."

नुरिला बापाकडं पाहत होती. तो भिंतीकडं.

पुढच्या खेपेला त्यानं हट्टानं अनारकानला बरोबर नेलं. "मला काय धाड भरली आहे?" म्हणत ती गेली. एक्स-रेत तिचं ते हाड कललेलं दिसलं.

"फार जुनं आहे हे, आजी," डॉक्टरीण म्हणाली. "तेव्हा विश्रांती मिळायला हवी होती. आता औषधानं कळ थोडी बोथट होईल, एवढंच."

घरी जुमादिल पालथा पडून असायचा आणि ती उभ्या उभ्या त्याला रस्सा भरवायची. एका दुपारी तो म्हणाला, "म्हातारे, त्या दिवशी मी मेंढ्यांकडंच बघत राहिलो."

"वाचल्या ना मेंढ्या."

"तू बोलायचंस गं. बोंब मारायचीस."

"बोलले की. किती वेळा बोलले. तुम्ही पाहुण्यांना हसवत होता."

त्यानं चमचा हातानं दूर सारला. मग म्हणाला, "निदान घोडी तरी विकायला नको होती."

तिनं वाडगा खाली ठेवला. "तिचं नाव नका काढू. बाकीचं कधीच सोडून दिलं मी. ते नाही सोडलं." आणि ती बाहेर निघून गेली. चमचा रश्श्यातच राहिला.

वसंतापर्यंत त्याचं हाड सरळ जुळलं. तो पुन्हा मेजवान्यांना जातो, मांडी घालून बसतो. बायको का आली नाही असं कुणी विचारलं, तर थट्टा न करता सांगायचं, हे त्यानं ठरवून ठेवलं आहे: एकदा पडली होती ती, माझ्यादेखत, तिला बसवत नाही. पण अनारकान येत नाही हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. कुणी विचारत नाही.