सात मोजेपर्यंत

"घाई कुणाला हाय? बाळाला का तुमाला?"

हे वाक्य तुमच्या कानावर कधी पडलं असेल, तर तुमच्या घरातलं एखादं मूल आमच्या दवाखान्यात जन्मलेलं असणार. गंगाखेड तालुक्यातल्या एका गावचं हे आरोग्य केंद्र. मी तिथे औषधांच्या खिडकीत बसतो. माझी खोली आणि प्रसूतीची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्यामुळे हे वाक्य मी अकरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकलं. गावाला त्या 'मोठ्या सिस्टर' होत्या. आम्ही सोबतचे लोक नुसतं 'बाई' म्हणायचो.

घाई बहुतेक वेळा सासूला असायची. "सुई मारा की वो, लवकर मोकळी हुईल," असं कुणी म्हटलं की बाई तिला दंडाला धरून दारापर्यंत नेऊन सोडत. "चहा पिऊन या. नातू कुठं पळून जात न्हाई."

बाईंच्या ध्यानात नावं राहत नसत, वजनं राहत. एकदा बाजारच्या दिवशी मिशीला पीळ दिलेला एक तरुण दवाखान्याच्या फाटकातच मोटारसायकल लावून उभा होता. बाई मला म्हणाल्या, "हा पावणेदोन किलोचा होता, भाऊ. जगतो का न्हाई वाटत होतं. आता बघा, वाट अडवून उभा हाय." त्याने ते ऐकलं आणि मुकाट्याने गाडी बाजूला घेतली.

यावरून त्या गोड स्वभावाच्या होत्या असं समजू नका. रक्तवाढीच्या गोळ्या घरी नेऊन फेकणाऱ्या गरोदर बायकांना त्या समोर उभं करून गोळी गिळायला लावत, वर तोंड उघडून दाखवायला सांगत. एकदा हातमोजे चुकीच्या मापाचे आले, तर चूक माझी नसताना तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी डब्यातली मेथीची भाजी माझ्यापुढे सरकवली. तोच समझोता.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हापासून त्यांचं एकच चालू होतं, "सुटू दे एकदाची." पुढे काय काय करायचं तेही ठरलेलं होतं. दुपारी पंखा लावून झोपायचं. राणीसावरगावला थोरल्या बहिणीकडे चांगलं महिनाभर राहायचं. आणि कुणाच्याही लग्नात शेवटच्या पंगतीपर्यंत बसायचं. स्वतःच्या मुलीच्या हळदीतून त्या एका बाळंतपणासाठी उठून आल्या होत्या, हाताची हळद दवाखान्यातच धुतली होती. ते त्या कधी बोलून दाखवत नसत, पण मला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी साबण माझ्याकडूनच नेला होता.

शेवटचे दोन महिने राहिले असताना नव्या सिस्टर आल्या. मुलगी हुशार, रजिस्टरं स्वच्छ, लसीकरणात हात हलका. पण कुणाला कळा सुरू झाल्या की तिला नेमकं दुसरं काम निघायचं. आधीच्या ठिकाणी तिच्या हातात एक बाळ रडलंच नव्हतं. चूक तिची नव्हती, असं तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं. तरी तिचे हात तेव्हापासून धजत नव्हते.

बाईंनी तिला समजावलं नाही की धीर दिला नाही. नुसतं सोबत उभं करायला लागल्या. आधी बघायला लावलं, मग आपल्या हातावर तिचा हात ठेवून घेतला, मग तिच्या हातावर आपला.

बाईंच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती. शेजारच्या तांड्यावरची एक पहिलटकरीण आली होती. डॉक्टर बैठकीसाठी परभणीला गेलेले. मी सलाईन द्यायला प्रसूतीच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. पडदा अर्धवट सरकलेला होता. मला फक्त बाईंची पाठ दिसली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते, उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट धरून. पुढे नवी सिस्टर एकटी काम करत होती. मी सलाईन दारातल्या स्टुलावर ठेवलं.

बाळ आलं ते मला पलीकडच्या हालचालीवरून कळलं. आवाज मात्र आला नाही.

आमच्या कामात अशी शांतता कुणालाच नको असते. नवी सिस्टर जागच्या जागी थिजली असावी, कारण बाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत. "बघायलीस काय? पुस ते. पाठ चोळ. अजून चोळ." आणि मी बघत होतो ते मागचे हात. ते सुटले नाहीत. फक्त मनगटावरची बोटं इतकी आवळली गेली होती की नखं पांढरी पडली होती.

मग बाळ रडलं. चांगलं खणखणीत.

थोड्या वेळाने बाई माझ्या खोलीत आल्या आणि खोक्यावर बसल्या. मी पाणी दिलं. ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"मी मनात मोजायले होते, भाऊ. दहा झाले असते तर तिला बाजूला ढकलून मीच घेतलं असतं. सातावर रडलं."

"चांगलं झालं, बाई. आता तिची भीती गेली."

"व्हय. लय चांगलं झालं." त्यांनी पाणी खाली ठेवलं. "पर खरं सांगू का? रडलं तवा मला जरा वाईट वाटलं."

"कशाचं?"

"माझ्यावाचून रडलं की ते."

आणि हसल्या. हसताना चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या. मी गोळ्यांची पाकिटं उगाच इकडची तिकडे केली.

निरोप समारंभ रीतीप्रमाणे झाला. दवाखाना पोरका झाला, असं एक पुढारी म्हणाले. बाई उठून एवढंच बोलल्या, "पोरका-बिरका काय न्हाई. सिस्टर हाय तिथं. हातमोजे तेवढे मापाचे मागवा." मी मान खाली घातली. सगळे हसले.

त्या परभणीला मुलाकडे राहायला गेल्या. सुरुवातीला नव्या सिस्टरचे त्यांना फोन चालायचे, कधी दिवसातून दोनदा. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचे. हळूहळू कमी झाले.

मागच्या महिन्यात औषधांचा साठा आणायला परभणीला गेलो, तेव्हा बसस्टँडवर बाई भेटल्या. फिकट हिरवी साडी, हातात पिशवी. इतकी वर्षं गणवेशात बघितल्यामुळे मला ओळखायला वेळ लागला. राणीसावरगावला निघाल्या होत्या, बहिणीकडे.

"महिनाभर का?" मी विचारलं.

"बघू. मागच्या बारी चार दिवसांत परत आले. झोपच येत न्हाई दुपारी."

मग स्वतःच म्हणाल्या, "सिस्टर पोरीचा फोन न्हाई पंधरा दिवस झाले."

"काम चांगलं चाललंय तिचं, बाई. परवाच जुळी झाली. दोन्ही चांगली आहेत."

"वजन?"

मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं चुकीच्या मापाच्या हातमोज्यांच्या वेळी बघितलं होतं.

तेवढ्यात गाडी लागली. गर्दीत त्या चढल्या, खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी निघताना त्यांनी मला हात केला नाही. त्यांनी पिशवीतून फोन काढला होता आणि तो डोळ्यांजवळ धरून त्या एकेक आकडा दाबत होत्या.