मामाजींचा विमानतळ

आयुष्यात एकदाही विमानात न बसता सगळा जन्म विमानतळावर काढलेला माणूस अख्ख्या विदर्भात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत, नागपूरहून येताना मौद्याच्या अलीकडे, त्यांच्या गावच्या माळावर विमानं उतरायला एक पट्टी केली होती. मामाजींचं काम एवढंच, की विमान यायच्या आधी पट्टीवरची ढोरं हाकलायची. लढाई संपली, विमानं गेली, पट्टीवर गवत माजलं. मामाजींनी मात्र नोकरी सोडली नाही! मी जावई झालो तेव्हा, म्हणजे सत्तर सालाच्या आसपास, ते रोज सकाळी माळावर जाऊन वाऱ्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि घरी येऊन सांगायचे, "आज पूर्वेकडून उतरावं लागन." कोणी उतरायचं, हे विचारायची घरात कोणाची छाती नव्हती. जेवताना नागपूरच्या सोनेगाव विमानतळाकडे जाणारं विमान ऐकू आलं, की त्यांचा घास हातातच राहायचा आणि चेहरा असा काही व्हायचा, की मामीही वाढता वाढता थांबायच्या. खरं सांगतो, त्या घरात दुपारी डुलकी लागली की मलासुद्धा माळावर काहीतरी हळूच उतरतंय असं वाटायचं.

नागपूरला सीताबर्डीत माझं पाट्या रंगवायचं दुकान. जावई पेंटर मिळाल्याचा आनंद मामाजींइतका माझ्या बायकोलाही झाला नसेल. त्यांनी छातीएवढा दगड बैलगाडीतून आणून सडकेच्या कडेला रोवला आणि माझ्याकडून त्यावर लिहून घेतलं, 'थांबा. या माळावर विमाने उतरत असत.' मग तिथेच बसून राहायचे. एसटीतून कोणी नुसती मान वळवली, तरी संध्याकाळी घरी खबर.

पुढे एक मंत्री त्या रस्त्याने यायचे ठरले. सडकेवरच्या माणसांनी दिसेल त्या दगडाला चुना फासला आणि आमच्या दगडावर झोकात लिहून टाकलं, 'नागपूर ३० कि.मी.' मामाजी तावातावाने भांडायला गेले, तर मुकादम म्हणाला, "बाबाजी, दगड दिसला का चुना मारा, असा हुकूम हाय. मी काय करू?"

दुसऱ्याच दिवशी मामाजी माझ्या दुकानात. "जवाईबापू, डॉक्टर म्हणते काचबिंदू हाय, नजर काही राहत नाही. दिसते तवर तेवढं परत लिहून द्या. एकडाव डोयानं पाहतो."

"या रविवारी येतोच," मी म्हणालो. कसला येतो! लग्नसराई आली, निवडणूक आली, दुकानात पाट्यांचा ढीग लागला. पोळ्याला दिलेला शब्द मी होळीनंतर पाळला.

गेलो, तर मामाजी माझ्या आवाजाच्या दिशेने हसले. नजर गेली होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. हात धरून त्यांना दगडापाशी नेलं, चुना खरवडला, अक्षरं पुन्हा काढली आणि मोठ्याने वाचून दाखवली. ते मान वर करून ऐकत होते.

"रंग निळा लावला ना? मांगच्या वेळी काळा होता. तवा बोललो नाही, जवाई माणूस."

माझ्या हातात दुकानात उरलेला काळ्या रंगाचा डबा होता.

"निळाच, मामाजी."

"मंग ठीक. वरून दिसन."

पुढच्या रविवारी निळ्या रंगाचा डबा घेऊन मी मौद्याची पहिली बस धरली.