मराठीत नुक्ता नसतो

आमच्या टीममध्ये दोन नियम आहेत. पहिला, शुक्रवारी रिलीज करायचं नाही. शुक्रवारी नवी आवृत्ती सोडली की शनिवार-रविवार तिच्या चुका निस्तरण्यात जातात, हे आम्ही ठेचा खाऊन शिकलो. दुसरा नियम आम्हाला निफाडच्या पुढच्या एका गावातल्या ग्रंथपाल ताईंनी शिकवला. तो शिकताना माझी चांगलीच जिरली, आणि ती जिरायलाच हवी होती.

आम्ही चौघं जण. इंदिरानगरात एका पिठाच्या गिरणीच्या वर आमचं ऑफिस आहे, त्यामुळे आमच्या लॅपटॉपवर कायम ज्वारीचा पांढरा थर असतो. माझा कॉलेजातला मित्र मोबाइल ॲप्स बनवतो, मी वेबचं सॉफ्टवेअर लिहिते, बाकी दोघं स्क्रीन आखतात आणि आमच्या चुका शोधतात. पोट भरतं ते दुसऱ्यांसाठी केलेल्या ॲप्सवर. पण जीव आहे तो गावोगावच्या वाचनालयांसाठी केलेल्या प्रोग्राममध्ये. तो फुकट आहे आणि त्याचा सगळा कोड उघडा आहे, कुणीही वाचावा, कुणीही बदलावा. आई म्हणते, "लोणच्याची कृती भिंतीवर चिकटवलीस, आता लोणचं कोण घेणार तुझ्याकडून?" तिला काय सांगणार? आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या मागच्या खोलीत संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडायचं. कारकुनी आटोपून वडील मला तिथे सोडायचे आणि मी बंद होईपर्यंत वाचत बसायचे. त्या खोलीचं देणं कुठेतरी फेडायचं होतं, एवढंच.

आणखी एक सांगायला हवं. मला मराठीचा माज आहे. आमच्या प्रोग्राममध्ये मी कोडच्या शेजारच्या टिपासुद्धा मराठीत लिहिते. कुणी 'धन्यवाद' ऐवजी भलतंच काही लिहिलं की माझ्या नाकावर राग येतो. मित्र म्हणतो, "तू कोडमधले बग कमी आणि शुद्धलेखन जास्त तपासतेस." त्यात तथ्य आहे.

तर या ताईंच्या वाचनालयातून एका बुधवारी फोन आला. बोलत होते तिथल्या समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त मुख्याध्यापक. रविवारी त्यांनी पुस्तकांची पडताळणी केली होती. समितीतल्या दोघांनी आमचं ॲप हातात घेऊन कपाटातलं एकेक पुस्तक काढलं, त्याचं नाव टाइप केलं, यादीत सापडलं की खूण केली. नाही सापडलं तर 'नोंद राहिली असेल' म्हणत पुस्तक परत फळीवर ठेवलं. शेवटी ज्या नावांपुढे खूण नव्हती त्यांची यादी प्रोग्रामने छापून दिली: एकसष्ट पुस्तकं गायब.

"सोमवारी ताई त्यातली पाच-सहा पुस्तकं घेऊन आल्या," ते म्हणाले. "म्हणे कपाटातच होती. रविवारी नव्हती आणि सोमवारी आली? किल्ली त्यांच्याकडेच असते, मॅडम. मला एकच सांगा, तुमचं सॉफ्टवेअर चुकू शकतं का?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हणाले, "नाही सर. नोंद असेल तर ते सापडणारच."

त्यांनी मला दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला बोलावलं. मी खुशीत गेले. वाटलं, आपल्या प्रोग्रामने एक गोलमाल पकडला, बैठकीत नवी आवृत्तीही दाखवता येईल. त्या एका शब्दाने मी काय करून बसले आहे, याची मला कल्पनाही नव्हती.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची दोन खोल्यांची इमारत. बाहेर द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटची चळत. आत लांब टेबलाभोवती समितीचे पाच जण, आणि टेबलाच्या टोकाला ताई. पन्नाशीच्या पुढच्या, फिकट निळी साडी, चष्मा कपाळावर. मी त्यांना आधी फक्त ईमेलमधून ओळखत होते. एकोणीस वर्षं त्या हे वाचनालय सांभाळत होत्या आणि प्रोग्राममधली प्रत्येक नोंद त्यांनी एका बोटाने टाइप केली होती.

अध्यक्षांनी त्यांच्यापुढे कागद सरकवला. वर एकसष्ट नावांची यादी, खाली छापलेलं वाक्य: 'वरील पुस्तके माझ्या ताब्यात असताना गहाळ झाली', आणि त्याखाली ग्रंथपाल म्हणून ताईंचं नाव. सही केली की त्यांनी पद सोडायचं, बाहेर कुठे बोभाटा करायचा नाही, असं ठरलं होतं. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांना ते उदारपणाचंच वाटत होतं.

ताईंनी चष्मा खाली ओढला, कागद वाचला आणि परत सरकवला.

"मी सही करनार नाय."

"ताई, आता वाढवू नका."

"वाढवत नाय, सर. हे माझं नावच नाय. ज्या कागदावर माझं नाव खरं नाय, त्याच्यावरची यादी खरी हाय असं मी कसं म्हनू?"

दोघं-तिघं हसले. एक जण म्हणाला, "नावाचं काय घेऊन बसलात, कॉम्प्युटरनं छापलंय ते." ताई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमाला दोनदा लिवलं होतं मी."

मी कागद ओढून घेतला. त्यांचं आडनाव इथे सांगत नाही, पण त्यात ऱ्या-ऱ्हा मधला तो आडवा अर्धा र आहे. कुऱ्हाडीत असतो तो. कागदावर तो आडवा र नव्हता. त्याच्या जागी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार बसला होता. कुऱ्हाडीची 'कुर्हाड' व्हावी, तसं.

आणि मग मी वर यादी वाचली. एका पुस्तकाच्या नावात 'शेतकऱ्यांचा' होतं, एकात डोंगरदऱ्या, एकात 'ताऱ्यांच्या', एकात पायऱ्या, एकात नुसता वारा होता पण 'वाऱ्यावर' होता. 'दर्या', 'पायर्या', 'वार्यावर'. एकसष्टच्या एकसष्ट नावांत तेच अक्षर आणि एकसष्ट वेळा तोच रफार. लोकांच्या शुद्धलेखनावर डोळे वटारणारी मी, बुधवारी ही यादी मला ईमेलवर आली होती आणि मी ती उघडून वाचलीही नव्हती.

मी लॅपटॉप काढला. काय झालं असेल ते मला बसल्या जागी कळलं होतं, तरी बघायचं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात हा आडवा र बहुतेक वेळा साधा र आणि त्याखाली एक टिंब, असा साठवलेला असतो. शब्दात ते टिंब डोळ्यांना दिसत नाही, पण असतं. दोन वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या यादीत हिंदी पुस्तकं आली, ज आणि फ खाली टिंबं, म्हणजे नुक्ते, दिलेली. त्या टिंबांमुळे शोध अडत होता. तेव्हा मी एक ओळ लिहिली: नोंद साठवताना सगळी टिंबं पुसून टाक. शेजारी मराठीत टीप लिहिली: 'मराठीत नुक्ता नसतो.' आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. त्या एका ओळीने मराठीतलाच एक र मारून टाकला. मोबाइलवर शोधताना मात्र माणूस शब्द नीट टाइप करायचा, म्हणून नोंदीतला मोडका शब्द आणि हातातला नीट शब्द एकमेकांना कधीच भेटले नाहीत. इतके दिवस कळलं नाही, कारण त्या गावात ॲप उघडून पुस्तक कोण शोधतो? ताईंना विचारलं की त्या कपाट आणि फळी सांगायच्या.

फक्त त्यांचं नाव रोज त्यांच्यासमोर उमटत होतं. त्यांनी आमच्या तक्रारींच्या पानावर लिहिलं होतं, 'माझे आडनाव बरोबर उमटत नाही, कृपया बघावे.' मी उत्तर दिलं होतं, फॉन्टचा प्रश्न आहे, नवा फॉन्ट टाका. आणि तक्रार बंद केली. त्यांनी नवा फॉन्ट टाकला, पुन्हा लिहिलं. मी 'आधीच उत्तर दिले आहे' म्हणून पुन्हा बंद केली.

मी बाहेर येऊन मित्राला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर्व्हरचा प्रॉब्लेम होता म्हणून सांग," तो म्हणाला. "दुरुस्ती मी आत्ता करतो. हात दाखवून अवलक्षण कशाला? बाकीची वाचनालयं पण विचारायला लागतील."

"विचारू देत."

"अगं, सोडून जातील ती."

"जाऊ देत. आत एका बाईला चोर ठरवलंय, आणि ते माझ्या तोंडच्या शब्दावर. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर इथे उभा राहून तुझ्याशी बोलतोय."

त्याने तिकडे आपल्या लॅपटॉपवर ती ओळ काढून बघितली. मग म्हणाला, "बरं. मग नीट दाखव."

आमच्या धंद्यात एक आज्ञा आहे, तिचं नावच 'ब्लेम'. कोडच्या कुठल्याही ओळीवर ती चालवली की ती ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, ते स्क्रीनवर येतं. एरवी आम्ही एकमेकांना चिडवायला ती वापरतो. त्या दिवशी मी लॅपटॉप टेबलाच्या मध्ये ठेवला, समितीसमोर ती चालवली, आणि ओळीशेजारी माझं नाव आलं. माझी मराठी टीपही आली, सगळ्यांना वाचता येईल अशी.

"चूक ताईंची नाही," मी म्हणाले. "माझी आहे. काल फोनवर तुम्हाला 'नाही' म्हणाले, तेही चूक होतं. पुस्तकं कपाटात आहेत. आत्ता काढून बघू."

कुणी हललं नाही, म्हणून मीच उठले. ताई जागेवरूनच सांगायला लागल्या. "दुसरं कपाट, तिसरी फळी, डावीकडून." एकसष्ट पुस्तकांचा हिशेब लावायला दीड तास लागला. पाच-सहा त्यांच्या टेबलावर होती, चार सोमवारनंतर वाचकांनी नेलेली होती आणि चौघांचीही नावं त्यांच्या वहीत होती. एकही पुस्तक गेलं नव्हतं.

अध्यक्ष यादी हातात धरून बसून होते. "आयुष्यभर मराठी शिकवलं मी," ते म्हणाले. "मुलांच्या वहीत असा रफार दिसला की लाल शाईने गोल करायचो. इथे एकसष्ट वेळा होता. कॉम्प्युटरने छापलंय म्हणून पुढे गेलो." त्यांनी कागद फाडला आणि ताईंपुढे हात जोडले.

ताई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, सर." मग चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे वळल्या. "मॅडम, त्यांचं झालं. माझ्या नावाचं काय?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. आम्ही आमचा नियम मोडला आणि रिलीज केलं. सोबतची टीप मी स्वतः लिहिली. काय चुकलं, कुणाचं चुकलं, आणि त्यापायी एका ग्रंथपालावर कसा आळ आला, सगळं सरळ लिहिलं. आमचा कोड उघडा आहे, तर चूकही उघडी असावी. दोन वाचनालयांनी आम्हाला रामराम केला. बाकीच्यांनी आपापल्या याद्या तपासून आणखी तीन चुका कळवल्या.

मग मी ताईंच्या दोन्ही जुन्या तक्रारी पुन्हा उघडल्या आणि फोन केला. म्हणाले, "दुरुस्त झालंय, ताई. बंद करू का?"

"तुमी नका करू," त्या म्हणाल्या. "तुमी दोनदा केली. आता मी करते. आठ दिवस बघते."

तोच आमचा दुसरा नियम झाला. तक्रार ज्याने लिहिली, त्यानेच ती बंद करायची. मित्र कुरकुरला, "असं केलं तर आपल्या निम्म्या तक्रारी कधी बंदच होणार नाहीत." मी म्हणाले, "मग निम्म्या अजून सुटलेल्या नसतील."

पाचव्या दिवशी ताईंनी लिहिलं, 'पावतीवर अजून चुकते.' खरंच चुकत होतं. पावतीचा कोड वेगळा होता आणि तीच ओळ मी तिथेही चिकटवली होती. ती काढली. त्या म्हणाल्या, "आता परत पहिल्यापासून आठ दिवस." रोज सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आत मी ते पान उघडून बघायचे. तक्रारी उघड्याच असायच्या.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी दोन्ही बंद झालेल्या दिसल्या. खाली ताईंचं पूर्ण नाव होतं, आडव्या र सकट, आणि त्यांनी एका बोटाने टाइप केलेली एकच ओळ: 'नाव आले. आता बंद करते.'