दवाखान्यातला घट

माझी भावजय शुभांगी गंगापूर रोडला माशांचं दुकान चालवते. खायच्या माशांचं नव्हे, बघायच्या. हे मला सिन्नरला सासरी दर वेळी सांगावं लागतं, नाहीतर आमच्या सासूबाई नाकाला पदर लावतात. दुकानाच्या पाटीवर नाव माझ्या भावाचं, रोहितचं. पण त्याला गप्पी मासा आणि बेडकाचं पिल्लू यांतला फरक कळत नाही. तो कंपनीत नोकरीला जातो आणि रविवारी दुकानाच्या काचा पुसतो.

गेल्या वर्षी शुभांगीनं खाऱ्या पाण्याच्या टाकीचं काम घेतलं. लहान मुलांच्या एका डॉक्टरांचा नवा दवाखाना होणार होता. बाहेर बसणाऱ्या पोरांसाठी त्यांना भिंतीला लागून समुद्र हवा होता. ते आधी पुण्याच्या एका माणसाशी बोलत होते, मग घराजवळचं दुकान म्हणून हिच्याकडे आले. एवढं काम नीट झालं, तर शुभांगी नुसती गोल्डफिश विकणारी बाई राहणार नव्हती. बिघडलं, तरी गावात नाव होणारच होतं, फक्त वेगळ्या अर्थानं.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून मी तेव्हा माहेरीच होते. शुभांगीबरोबर पाण्याच्या बादल्या उचलायचं कामही आपसूक माझ्याकडे आलं. पिशवीतलं मीठ फिल्टरच्या पाण्यात ढवळताना मी म्हटलं, "खाऱ्या पाण्यात कैरीच टिकते बाई, मासे कुठले टिकायला?"

"तसंच आहे ताई," ती म्हणाली. "आधी मुरवायचं, मग मासे."

मुरवायचा होता तो दगड. जिवंत दगड म्हणतात त्याला. समुद्रातून उपटून आणलेला नव्हे. मुंबईच्या एकानं आपल्या टाक्यांमध्ये बरेच महिने ठेवून तयार केलेला. मला तो भट्टीत जळलेल्या विटेच्या खंगरासारखा दिसला आणि वास तर विचारूच नका. पण त्याच्या भोकाभोकांत बारीक जीव असतात. प्रवासात त्यातले काही मरतात, सडतात आणि पाण्यात विष होतं. उरलेले जीव वाढतात आणि तेच विष खाऊन टाकतात. ते पुरेसे वाढले, की पुढे माशांची घाणही तेच निस्तरतात. तोवर टाकीत मासा सोडायचा नाही. शुभांगी काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायची. पाणी हिरवं झालं तर विष आहे, पिवळं राहिलं तर गेलं. रोज हिरवं.

आणि दवाखान्याचं उद्घाटन घटस्थापनेला. मुंबईहून दगड उशिरा आला होता, मुहूर्त काही थांबणार नव्हता.

डॉक्टरांची आई बायडाबाई. जन्मभर मेथी-कोथिंबीर पिकवून बाजारात विकलेली, खणखणीत आवाजाची बाई. उद्घाटनाच्या सकाळी त्या टाकीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मासं कुठं हायेत?"

"अजून सोडले नाहीत, आजी."

"मंग नुसतं दगडं दाखवायला लोकं बोलावली का? मुहूर्ताला रिकामं भांडं ठेवत नाय कोणी."

मागून डॉक्टर म्हणाले, "दोन-चार टाका हो. मेले तर बदलू."

माझ्या मनात आलं, टाकावेत, कटकट मिटेल. शुभांगी मात्र म्हणाली, "डॉक्टर, इथे येणारी पोरं आधीच भेदरलेली असतात. त्यांच्यासमोर मेलेला मासा तरंगू देणार नाही मी." मग आजींकडे वळली. "आजी, तुम्ही आज घरी घट बसवलात ना? आज त्यात काय दिसतंय? माती. पहिल्या माळेला तुरे मागतं का कोणी? हाही घटच समजा."

बायडाबाईंनी झेंडूची एक माळ मागवून टाकीच्या कडेला बांधली. "दसऱ्यापर्यंत," त्या लेकाला म्हणाल्या. डॉक्टरांनी मान हलवली. मला माझ्या भावजयीचं असं कौतुक वाटलं, की घरी जाताना मी तिची बादलीही उचलली.

पण आपण बोलतो ते लोक किती मनावर घेतात, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?

नळीतलं पाणी हळूहळू पिवळ्याकडे यायला लागलं. दगडावर पिसाऱ्यासारखे इवले किडे उघडले. सातव्या माळेला आम्ही गेलो तर ते सगळे मिटून बसलेले. पाणी खुणेच्या वर चढलेलं आणि खारेपणा उतरलेला. शुभांगीला काही उमजेना. तेवढ्यात बायडाबाई आंघोळ करून, हातात तांब्याचा गडू घेऊन आल्या. त्यांनी टाकीचं झाकण सरकवलं आणि गडू आत ओतला.

"आजी, हे काय?"

"घट म्हणली ना तू? घटाला पाणी नको व्हय? रोज घालते. रातभर तांब्यात ठेवलेलं, चांगलं पाणी हाय."

शुभांगीनं त्यांच्या हातातला गडू काढून घेतला आणि त्यांना समजावलं. तांब्यातलं पाणी माणसाला चांगलं, पण खाऱ्या पाण्यातल्या गोगलगायींना आणि असल्या किड्यांना तांबं म्हणजे विष. दगडानं ते शोषून घेतलं, तर दगडही गेला. हे ऐकल्यावर बायडाबाईंचा आवाज एकदम बसला. "लेकाला सांगू नको गं," त्या म्हणाल्या.

शुभांगीनं तपासलं. तांबं होतं, पण जेमतेम. तिनं अर्धं पाणी काढून नवं खारं पाणी भरलं आणि तांबं ओढून घेणारी पुडी आत सोडली. मग ती डॉक्टरांकडे गेली. "दसऱ्याला मासे सोडता येणार नाहीत. पाण्यात दोष आलाय. मी काळजी कशी घ्यायची ते नीट सांगितलं नाही, चूक माझी."

डॉक्टर तिच्याकडे न बघताच म्हणाले, "मग मी पुण्याला फोन लावतो."

शुभांगीचा चेहरा उतरला. तरी ती आजींबद्दल एक अक्षर बोलली नाही. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. तिनं माझा हात दाबला. मी अशी कधी गप्प बसत नाही, विचारा कोणालाही.

"लाव," दारातून आवाज आला. बायडाबाई उभ्या होत्या. "आन त्याला सांग, तुझ्या आईनं पाणी घातलं म्हनून. ही पोर माझं पाप आपल्या डोक्यावर घेती हाय. हिच्याबिगर दुसरं कोणी टाकीला हात लावायचा नाय."

डॉक्टरांनी फोन टेबलावर ठेवला. खरं काय ते त्यांनी विचारून घेतलं आणि मग एवढंच म्हणाले, "किती वेळ लागेल?"

"टाकी सांगेल तेवढा," शुभांगी म्हणाली.

दसरा कोरडाच गेला. येणारे जाणारे विचारायचे, दगड कसले ठेवलेत? बायडाबाई खेकसायच्या, "मुरतंय ते, दम धरा." किडे पुन्हा उघडले. नळीतलं पाणी पिवळं झालं आणि पिवळंच राहिलं. आधी गोगलगायी सोडल्या. त्या काचेवर चढल्या तेव्हा शुभांगी लहान मुलीसारखी रडली. दिवाळीच्या पाडव्याला मासे सोडले, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले. एकही मेला नाही.

मार्गशीर्षात पुतणीचं पोर तापलं म्हणून मी तिच्याबरोबर त्याच दवाखान्यात गेले. बाहेर गर्दी होती. पोरं काचेला नाकं लावून उभी होती, सुईची आठवण कोणाला नव्हती. शेजारची बाई मला म्हणाली, "केवढी सुंदर टाकी आहे हो. पुण्या-मुंबईहून आणली असेल, नाही?"

"नाही," मी म्हटलं, "माझ्या भावजयीनं केली."

नणंदेनं भावजयीचं कौतुक चारचौघांत करू नये म्हणतात. मी ते उभं राहून, आतल्या डॉक्टरांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात केलं.