दोनदा मेलेली भाची

उमरखेडला एका शाळेच्या हॉलमध्ये माझी भाची मेली तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो, आणि ती परत उठून बसली ती माझ्यामुळे.

कॉलेजच्या पोरापोरींनी बसवलेलं ते संगीत नाटक. कापसाला कुणी विचारत नव्हतं, ती वर्षं. खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची रांग लागायची आणि ग्रेडर मुठीत कापूस दाबून ‘ओला आहे’ म्हणत गाडी परत धाडायचा. पोरांनी तो ग्रेडर उचलून थेट यमाच्या दारात बसवला. जिवंत माणसं रांगेत उभी आणि हा चिमटीत एकेकाचा जीव धरून प्रत ठरवतोय. पसंत पडला तर आत. लोक हसायचे आणि हसता हसता मध्येच गप्प व्हायचे.

भाची झाली होती कापूस वेचणारी. शेवटी तिचा नंबर लागतो. मग ती कापसाच्या ढिगावर आडवी होऊन, घरी राहिलेल्या लेकरासाठी अंगाई गात गात संपते. महिनाभर तिनं मला बजावलं होतं, “मामा, त्या गाण्यावर टाळी नाही पायजे. सारे चूप बसले त जमलं, नाही त आमच्या मेहनतीचा तमाशा झाला समजा.”

गाणं संपलं. हॉल चूप. अगदी तिला हवा होता तसा.

आता माझं लहानपण गेलं वणीला, संगीत नाटकं बघण्यात. चांगल्या पदाला दाद दिली नाही तर गाणाऱ्याचा अपमान होतो, हे आजोबांनी डोक्यात भरवलेलं. मी डोळे पुसले आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, “वन्स मोअर!”

मागून सगळा हॉल ओरडला. पेटीमास्तर माझ्याच वयाचे, त्याच सवयीचे. त्यांनी लगेच सूर धरला. प्रेतानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. तसं मला आजवर बायकोनंही पाहिलेलं नाही.

भाची उठली, केसांतला कापूस झटकला. ग्रेडर झालेला पोरगा बेरकी. तो म्हणाला, “काहून बाई, एकदा घेतलेला माल पुन्हा रांगेत?” हॉल हशानं फुटला. मी खुर्चीत जेवढं बुडता येईल तेवढं बुडालो. तिचं नाटक मी बुडवलंच होतं.

ती गायला लागली. या वेळी ताना नाहीत, हरकती नाहीत. रागानं म्हणा, थकव्यानं म्हणा, आवाज पार खाली आलेला, दमलेली आई लेकराला थोपटते तसा. पेटीमास्तरांचा हात मध्येच थांबला. शेवटची ओळ तिनं नुसतीच म्हटली. मग कुणी खोकलंसुद्धा नाही. पडदा ओढणारा पडदा ओढायचा विसरला.

नंतर ती रंग पुसत म्हणाली, “मामा, तुमच्यापायी मले दोनदा मरा लागलं.”

मी म्हटलं, दुसऱ्यांदा छान मेलीस.

“मालूम आहे. पण महागावच्या प्रयोगाले तुमी येऊ नका.”

मी गेलोच. शेवटच्या रांगेत, खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबून. तिथे ती एकदाच मेली, पण उमरखेडला दुसऱ्यांदा मेली होती तशी.

आता ती माहेरपणाला माझ्याकडे आली की भेंडी चिरता चिरता ते गाणं गुणगुणते. गाणं संपतं. मी पेपर तोंडापुढे धरून गप्प बसतो. तरी ती विळीवरून मान वर करून एकदा माझ्याकडे बघून घेतेच.