मच्छिंद्र प्लोवडिवला जेवला

कवठे येमाईचा मच्छिंद्र आणि मी रांजणगावला कंपनीत एकाच लाइनवर कामाला. दोन हजार आठ साली कंपनीनं नवीन मशीन शिकायला आम्हा दोघांना बल्गेरियाला धाडलं. गावात आमचा केवढा तोरा, पण मच्छिंद्रला कशातच रस नव्हता. वर्षभरापूर्वी एकदा तो डबा घरीच विसरला. तो द्यायला मोटरसायकलवर निघालेला त्याचा पोरगा आयुष हायवेवर ट्रेलरखाली गेला. तेव्हापासून मच्छिंद्रनं पोराचं नाव तोंडातून काढलं नव्हतं आणि पोटभर खाल्लंही नव्हतं. आयुषच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसकार्याच्या, पंगतीतूनसुद्धा उठून गेला.

निघताना त्याची बायको सुरेखा मला म्हणाली, "भाऊजी, हिंडणं ऱ्हाऊ द्या. तेवढं त्यांच्या पोटात कायतरी जाऊ द्या."

आणि नवल म्हणजे, प्लोवडिव शहरात हा गडी जेवायला लागला. टोमॅटो-काकडीवर किसलेलं पांढरं चीज घातलेली कोशिंबीर अख्खी संपवली. मग बानित्सा, म्हणजे चीज भरून भाजलेली, पदर सुटलेली पोळी. मग दही, काकडी, लसूण, अक्रोडाचं गार सूप.

"आपल्या कोशिंबिरीत पाणी वतलंय नुसतं," असं म्हणत दुसरी वाटी मागितली. तिथं त्याच्याकडे कीव करत बघणारं कुणी नव्हतं. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

शनिवारी तिथल्या कंपनीतली एक मुलगी आम्हाला जुनं शहर दाखवायला घेऊन गेली. रोमन लोकांनी बांधलेलं दगडी नाट्यगृह बघितलं, फोटो काढले. पुढच्या गल्लीत दारोदार माणसांचे फोटो छापलेले कागद डकवलेले.

"इथंबी इलेक्शन लागलंय वाटतं," मच्छिंद्र म्हणाला.

एका दारात काळ्या कपड्यातली बाई येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात वाटी देत होती. उकडलेले गहू, त्यात साखर आणि अक्रोड. मच्छिंद्रनं चाटूनपुसून खाल्ले आणि वाटी पुन्हा पुढं केली. तेव्हा ती मुलगी सोप्या इंग्रजीत हळूच म्हणाली, हे मेलेल्या माणसाच्या नावानं वाटतात. दारोदारचे ते कागदही मेलेल्यांचेच. या दारावरचा फोटो या बाईच्या मुलाचा आहे, वर्ष झालं त्याला जाऊन.

मच्छिंद्रचा हात तसाच राहिला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी त्या मुलीला आयुषचं सगळं सांगून टाकलं, तिनं बाईला. बाईनं वाटी शिगोशीग भरली आणि काहीतरी विचारलं.

"नाव विचारतेय," मुलगी म्हणाली.

"आयुष," मच्छिंद्र म्हणाला. मग भर रस्त्यात हंबरडा फोडून रडला आणि रडत रडतच ती वाटी संपवली.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी कवठ्याला गेलो. मच्छिंद्र बाहेर गेला होता. सुरेखावहिनींना वाटेल बरं, म्हणून सगळं सांगितलं. त्या भाकरी थापायच्या थांबल्या.

"नाव घेतलं?"

"व्हय वैनी. आन् जेवलाबी."

"काल आल्यापासनं दोन घास खाऊन उठत्यात," त्या म्हणाल्या. "वरीसभर ताट वाढून म्होरं बसले मी. त्या बाईला नाव सांगितलं. मी त्याची आई हाय, भाऊजी."