स्थितप्रज्ञ भालेकरी

मी माधुरी. भोरमध्ये राहते, मराठीत एम. ए. आहे, आणि ही दुसरी गोष्ट मी फारशी कुणाला विसरू देत नाही. कॉलेजात तासिका तत्त्वावर सहा वर्षं शिकवलं. तासिका बंद झाल्या तशी घरबसल्या भाषांतरं करू लागले. साबणाची पाकिटं, मिक्सरची माहितीपत्रकं असं काहीबाही.

मागच्या वर्षी पुण्याच्या एका छोट्या कंपनीकडून अजित नावाच्या मुलाचा फोन आला. त्यांनी किल्ल्यांवरच्या लढाईचा संगणकावरचा खेळ केला होता आणि तो मराठीत आणायचा होता. त्यानं पाठवलेल्या यादीत चार बटणं होती. सैनिकाला निवडायचं आणि त्यानं कसं वागायचं ते या बटणांनी ठरवायचं. शत्रू दिसताच त्याच्यामागं धावायचं, जवळ आला तरच लढायचं, जागेवरूनच लढायचं, की काहीच करायचं नाही.

मी दोन दिवस शब्दकोश चाळून मोठ्या समाधानानं लिहिलं: आक्रमक पवित्रा, बचावात्मक पवित्रा, स्थितप्रज्ञ, अहिंसक.

तिसऱ्या दिवशी अजितचा फोन. "मॅडम, बटणात मावत नाही. 'बचावात्मक पवि' एवढंच दिसतंय. आणि स्थितप्रज्ञ म्हणजे काय?"

"गीतेतला शब्द आहे," मी जरा ताठ्यातच म्हटलं.

"हो, पण तो भालेकरी आहे," अजित म्हणाला. "तुम्ही एकदा खेळून बघता का?"

एम. ए. झालेल्या बाईनं खेळ खेळायचा! तरी लॅपटॉपवर उतरवून घेतला. किल्ल्याच्या दरवाजावर दहा भालेकरी उभे केले आणि त्यांना 'आक्रमक' केलं, कारण शूर माणसं तशीच असणार. शत्रूचा एकच घोडेस्वार समोरून गेला. माझे दहाच्या दहा जण त्याच्यामागं धावत नदीपार गेले. दरवाजा उघडा पडला आणि दुसऱ्या बाजूनं शत्रू निवांत आत शिरला. मी चिडून पुढच्या डावात सगळ्यांना 'अहिंसक' केलं. ते मार खात उभे राहिले, हात म्हणून उचलला नाही. मी पडद्यावर ओरडत होते, "अरे मारा की!"

माझे चुलते दादूकाका मागं उभे होते, ते माझ्या लक्षातच आलं नाही. भाटघरच्या अलीकडं एका आंब्याच्या बागेवर ते वीस वर्षं राखणदार आहेत. ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला भोरला आले की आमच्याकडं चहा घेतात.

"त्या मान्सास्नी तू काय सांगितलंयस?" त्यांनी विचारलं.

"आधी आक्रमक म्हटलं होतं."

"मंग पळणारच की. आमच्या गोरखनं ह्येच केलं." गोरख म्हणजे बागेवरचा दुसरा राखणदार. "एका पोरानं कुंपणावरनं दगड मारला. गोरख त्येच्या मागं पार वढ्यापतुर गेला. तवर बाकीच्यांनी दोन पोती आंबं भरलं. म्या त्येला म्हनलं, बाबा, वरड, काठी आपट, पर जागा सोडू नको."

मी त्यांना चारी बटणं समजावली. चहाचा कप खाली न ठेवता त्यांनी सांगून टाकलं. "दिसला की धर. आला तर धर. जागा सोडू नको. हात लावू नको. ह्येला दोन दिस लागलं व्हय तुला?"

"काका, छापील भाषा अशी नसते," मी म्हटलं.

"न्हाई तर न्हाई," म्हणून ते गोळ्या घेऊन गेले.

ते गेल्यावर मी गुपचूप त्यांचीच चार वाक्यं टाइप करून पाठवली. अर्ध्या तासात अजितचा फोन. "मॅडम, सगळं मावलं! आमच्याकडं सगळे हसतायत. किती जिवंत मराठी आहे तुमची!"

"त्यासाठी अभ्यास लागतो," मी म्हणाले. अगदी याच शब्दांत. फोन ठेवल्यावर माझं मलाच इतकं ओशाळं वाटलं की जेवणात मीठ दोनदा पडलं.

चार दिवस कसेबसे काढले आणि मग अजितला खरं काय ते सांगून टाकलं. तो म्हणाला, खेळाच्या शेवटी नावं येतात, तिथं काकांचंही घालू. मी भाटघरला जाऊन काकांना विचारलं.

"माझं नाव नको," ते घाबरून म्हणाले. "मालकाला वाटंल, म्हातारा दुसरीकडं कामाला लागला." मग म्हणाले, "नुसतं 'दादू' घाल. दादू काय, लई आसत्यात."

तसंच घातलं. आता कंपनीची पुढची यादी आली आहे. सैनिकांनी कोणत्या रचनेत चालायचं, त्याची नावं. मी 'अर्धचंद्राकृती व्यूह' लिहून या वेळी आधी काकांना वाचून दाखवलं. त्यांनी बराच वेळ विचार केला.

"ह्ये मला जमायचं न्हाई. रांगा लावून चालायचं काम बँडवाल्याचं. त्येला इचार."

म्हणून काल मी, एम. ए. मराठी, वही घेऊन मानसिंग बँडवाल्याच्या दुकानात स्टुलावर बसले होते. ते ढोलाची दोरी आवळत होते. वर न बघताच म्हणाले, "ताई, वरात कुठनं निगणार, त्ये सांगा आदी."